पूर्ण नव्वद मिनिटं : १९८२चा विश्वचषक पुन्हा बघताना



विषयाचं नाव वाचून तुमच्यापैकी काही जणांना वाटलं असेल, समीक्षेच्या व्याख्यानमालेत हा चेंडू कुठून आला? उत्तर सोपं आहे. मैफलीची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर कोणीही उठून करतो. सामना हीसुद्धा ठरलेल्या वेळात, प्रेक्षकांसमोर घडणारी गोष्ट आहे. आणि तिचं पूर्ण चित्रण आपल्या हाताशी असेल तर चाळीस वर्षांनी ती पुन्हा वाचता येते. आम्ही ती वाचली. त्यातून काय हाती लागलं, आणि आमच्या कोणत्या लाडक्या समजुती मोडल्या, ते आज सांगायचं आहे.

आधी आम्ही म्हणजे कोण. आम्ही सात जण. २०२०च्या टाळेबंदीत फिफाने जुने विश्वचषक सामने पूर्णच्या पूर्ण इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली, तेव्हा आपापल्या घरात बसून बघायचो आणि फोनवर भांडायचो. मग दारं उघडली आणि दर रविवारी एकाच्या दिवाणखान्यात जमायला लागलो. ठरवलं ते असं : १९८२ची स्पेनची स्पर्धा, ज्या क्रमाने खेळली गेली त्याच क्रमाने, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. एकूण ५२ सामने. त्यातले जेवढे पूर्ण मिळाले तेवढे. पुढे पळवायचं नाही. चहा मध्यंतराला.

आमच्यात कोल्हापूरचे एक काका आहेत. तरुणपणी तालमीच्या संघाकडून शाहू स्टेडियमवर खेळलेले. ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथे फुटबॉल संघ तालमींचे आणि तरुण मंडळांचे असतात, आणि विश्वचषक आला की गल्ल्यांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. काका ब्राझीलचे. ८२ साली रंगीत टीव्ही आपल्याकडे यायचा होता, तो त्याच वर्षी पण स्पर्धा उरकल्यावर आला. काकांनी ब्राझील हरल्याचं पेपरात वाचलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत. हे ते अजून सांगतात. नंतर कॅसेट आल्या, गोलांच्या फिती आल्या, आणि दुःखाला चित्रं मिळाली. पण पूर्ण सामना त्यांनीही कधी बघितला नव्हता. आमच्यातल्या कोणीच नाही. तरी मतं सगळ्यांची पक्की होती.

मुद्दा इथूनच सुरू होतो. १९८२ हा असा विश्वचषक आहे की ज्याच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. झिको आणि सॉक्रेटिसचा स्वर्गीय ब्राझील. त्याला पाडणारा इटलीचा कोता, बचावखोर खेळ. रॉसीच्या तीन गोलांनी मेलेला सुंदर फुटबॉल. शूमाखरने पाडलेला बातिस्तों. तोंड उघडून, मुठी आवळून धावत सुटलेला तार्देल्ली. आठवण म्हणून आपल्याकडे असतात त्या या पाच-सहा फिती, आणि प्रत्येक फीत पंधरा सेकंदांची.

आपल्याकडच्या जुन्या जाणकारांना हे वेगळ्या क्षेत्रातून माहीत आहे. तीन मिनिटांची तबकडी ऐकून गवय्याबद्दल मत बनवणारी एक पिढी होती. तबकडी खोटी नसते. त्यात सूर असतो, तान असते, सगळं असतं. फक्त राग उलगडायला लागणारा वेळ नसतो. एखादी तान तिथे का आली, हे मैफलीत कळतं. फुटबॉलच्या गोलाचं अगदी तेच आहे. गोल दिसतो, पण तो कुठून आला ते फितीच्या बाहेर राहतं.

आता सारियाकडे या. ५ जुलै १९८२, बार्सिलोनातलं सारिया मैदान. ते मैदानसुद्धा आता नाही, १९९७ साली पाडलं. इटली विरुद्ध ब्राझील. दोघांनीही अर्जेंटिनाला हरवलं होतं, पण ब्राझीलने ३-१ आणि इटलीने २-१. म्हणजे ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. सामना इटलीने ३-२ जिंकला. ५, २५ आणि ७४व्या मिनिटाला रॉसी. मध्ये १२व्या मिनिटाला सॉक्रेटिस आणि ६८व्या मिनिटाला फाल्काओ.

दंतकथा म्हणते, ब्राझील कलेसाठी हरला. बरोबरी पुरेशी असतानाही त्यांना आक्रमणाचा मोह आवरला नाही, आणि टपून बसलेल्या इटलीने पाठीत सुरा खुपसला. पूर्ण सामना बघा आणि ही कथा कुठे टिकते ते आम्हाला दाखवा.

पहिला गोल घ्या. ब्रुनो कॉन्ती चेंडू घेऊन आत येतो आणि डाव्या बाजूला मोकळ्या असलेल्या कब्रिनीकडे टाकतो. कब्रिनी हा बचावपटू, बरं का. तो वर आलेला आहे, समोर कोणी नाही. निवांत मान वर करून क्रॉस देतो आणि लांबच्या खांबाशी रॉसी हेडर मारतो. फितीत हा नुसता छान हेडर आहे. सामन्यात तो ब्राझीलच्या रचनेवरचा शेरा आहे. तेले सांतानांच्या संघात झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ आणि सेरेझो हे चारही जण मधल्या पट्ट्यात खेळणारे. डावीकडे एडर होता. उजवीकडे पुढे ठरावीक असं कोणी नव्हतंच; तिथे आलटूनपालटून कोणीतरी सरकायचं, आणि मागून लिआंद्रो धावत वर जायचा. चेंडू त्यांच्या पायाशी असताना ही रिकामी बाजू म्हणजे चमत्काराची जागा. चेंडू हरवला की तेच भगदाड. इटलीने पाचव्या मिनिटाला त्याच बाजूने येऊन गोल केला, त्याला योगायोग कसा म्हणणार?

दुसरा गोल सगळ्यांना ठाऊक आहे. सेरेझोचा आडवा, आळसावलेला पास, तीन ब्राझीलवाले एकमेकांकडे बघतात, रॉसी मधून चेंडू उचलतो. बिचाऱ्या सेरेझोला आयुष्यभर त्या पासचे टोमणे ऐकावे लागले. पण तसे आडवे पास ब्राझील सतत देत होता. त्यांची लय त्या आडव्या पासांवरच उभी होती. अगदी तसाच पास दहा वेळा सुखरूप पोचला तेव्हा समालोचक वाहवा करत होते. आम्हीही करत होतो.

आणि तिसरा गोल. इथे काकांनी रिमोट मागून घेतला. कथेप्रमाणे ब्राझील तेव्हा वेडाच्या भरात पुढे असायला हवा. चित्रात काय आहे? इटलीचा कॉर्नर. ब्राझीलचे जवळजवळ सगळे खेळाडू आपल्याच डीमध्ये मागे आलेले. चेंडू अर्धवट बाहेर येतो, तार्देल्ली मारतो, रॉसी वाटेत पाय घालतो. तो ऑफसाइड नाही, कारण गोलच्या खांबाशी ज्युनिअर रेंगाळलेला आहे. म्हणजे ज्या गोलने सुंदर फुटबॉल मेला असं म्हणतात, त्या गोलच्या वेळी सुंदर फुटबॉल मागे येऊन बचाव करत होता, आणि वाईट बचाव करत होता. काकांनी ते तीनदा बघितलं. काही बोलले नाहीत.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर आम्ही इटलीचे वकील होऊन बसू. जेंतिलेने झिकोचा शर्ट फाडला तो प्रसंग पूर्ण सामन्यात आणखी वाईट दिसतो, कारण त्याच्या आगेमागेही ओढाताण चालूच आहे. पिवळं कार्ड त्याला सुरुवातीलाच मिळालं होतं. आजच्या पंचाने त्याला तासभर मैदानावर ठेवलं नसतं. आणि ब्राझीलचे दोन गोल फितीत बघून जेवढे आवडतात त्याहून पूर्ण सामन्यात जास्त आवडतात. सॉक्रेटिसच्या गोलआधी झिकोने जेंतिलेला एका गिरकीत मागे टाकलेलं बघा. त्याआधीची बारा मिनिटं जेंतिले त्याच्या अंगाला जळवेसारखा चिकटलेला आहे. ती बारा मिनिटं बघितल्याशिवाय त्या गिरकीची किंमत कळत नाही. फाल्काओच्या गोलमध्ये सेरेझो चेंडूशिवाय पळतो आणि इटलीचे बचावपटू आपल्याबरोबर ओढून नेतो. ज्याच्या नावावर नुसता चुकीचा पास उरला, त्याच माणसाचं हे काम.

पण इटली फक्त अडवत होती? शिरेआ मागून चेंडू घेऊन ज्या शांतपणे वर येतो, कॉन्ती ज्या पद्धतीने दोघा-तिघांना झुलवतो, ते बघून कोणी त्याला बचावखोर म्हणणार नाही. शेवटी शेवटी अंतोनिओनीने चौथा गोल केला होता, तो ऑफसाइड म्हणून रद्द झाला, आणि तो ऑफसाइड नव्हता. ८२चं शवविच्छेदन करणारे हा गोल बहुतेक वेळा विसरतात. पंचांकडून अन्याय झालेला संघ जिंकला की कथेची अडचण होते.

अंतोनिओनी नव्हे, अंतोन्योनी. आमच्यातल्या एकाने इटलीत नोकरी केली आहे, तो पहिल्या रांगेत बसून डोळे वटारतो आहे.

रॉसीबद्दल थोडं. सट्टेबाजीच्या प्रकरणात त्याच्यावर बंदी आली होती. आपण निर्दोष असल्याचं तो सांगत राहिला. बंदी संपली एप्रिल १९८२च्या अखेरीस, स्पर्धेच्या जेमतेम दीड महिना आधी. पहिल्या फेरीत इटलीच्या तीन बरोबरी : पोलंडशी ०-०, पेरूशी १-१, कॅमेरूनशी १-१. इटलीच्या पत्रकारांनी एवढं झोडपलं की संघाने त्यांच्याशी बोलणंच बंद केलं. क्रमाने सामने बघत आलो, त्यामुळे आम्ही रॉसीला अर्जेंटिनाच्या सामन्यासकट चार सामने बघितलं होतं. चारही सामन्यांत गोल नाही, आणि खरं सांगायचं तर माणूसही नाही. चेंडू त्याच्याकडे आला की निसटायचा. आमच्यातला एक तरुण मुलगा, ज्याला निकाल माहीत होता, तोसुद्धा म्हणाला, “बेअर्झॉट काका, काढा ना याला.” सारियामधला पाचव्या मिनिटाचा हेडर आम्हाला अंगावर आला तो म्हणून. तीन तासांत संपणाऱ्या माहितीपटात हा परिणाम कधी होणार नाही. त्यासाठी चार रविवार वाया घालवावे लागतात.

निकाल माहीत असताना बघण्यात काय मजा, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगू : कीर्तनाला जाणाऱ्याला आख्यान पाठच असतं. तो जातो ते बुवा तिथपर्यंत कसे पोचतात ते बघायला.

आता आमचा खरा मुद्दा. सारियाचं काय, त्यावर पुस्तकं आहेत, भांडणं आहेत, प्रेम आहे. पण त्याच स्पर्धेत एक गोष्ट अशी घडली की जी फितीत मावतच नाही. हिहोनचा सामना. पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया, २५ जून.

पार्श्वभूमी सांगतो. त्याच हिहोनमध्ये १६ जूनला अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ हरवलं होतं. जर्मनी तेव्हाचा युरोपचा विजेता. अल्जीरिया विश्वचषकात पहिल्यांदाच आलेला, आणि त्या देशाला स्वतंत्र होऊन जेमतेम वीस वर्षं झालेली. त्यांच्या प्रशिक्षकांपैकी एक रशीद मखलूफी. हा गृहस्थ १९५८ साली फ्रान्समधली चांगली कारकीर्द टाकून स्वातंत्र्यलढ्याच्या संघाकडून खेळायला गेला होता. अशा माणसाच्या हाताखालचा संघ. माजेरने ५४व्या मिनिटाला गोल केला. ६७व्या मिनिटाला रुमेनिगेने बरोबरी केली. आपल्याला वाटतं, झालं, आता मोठा संघ जागा झाला. आणि ६८व्या मिनिटाला, मध्यावरून चेंडू पुन्हा सुरू करून पायातून पायात फिरवत, डावीकडून असादने आत टाकला आणि बेलूमीने गोल केला. फितीत ही हालचाल असादच्या धावेपासून सुरू होते. पूर्ण सामन्यात ती बरोबरीच्या गोलनंतर, हातपाय गाळायच्या ऐवजी, तिथल्या तिथे सुरू होते. आम्ही सातही जण सोफ्यावरून उठलो होतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या गोलला!

मग गटाचा हिशेब. तेव्हा विजयाला दोन गुण. अल्जीरियाचे तीनही सामने २४ तारखेला संपले, दोन विजय, चार गुण. जर्मनी आणि ऑस्ट्रिया दुसऱ्या दिवशी खेळणार होते, म्हणजे काय केलं की काय होईल हे दोघांनाही तंतोतंत ठाऊक होतं. जर्मनी एका किंवा दोन गोलांनी जिंकला तर दोघेही पुढे आणि अल्जीरिया घरी. दहाव्या मिनिटाला रुबेशने गोल केला. १-०.

आणि पुढे ऐंशी मिनिटं काहीही झालं नाही.

हे “काहीही झालं नाही” तुम्ही फितीत कसं दाखवणार? संक्षेप करणारा माणूस गोल दाखवेल, प्रेक्षक पांढरे रुमाल हलवताना दाखवेल, अल्जीरियाचे लोक नोटा फडकवताना दाखवेल, आणि “लाजिरवाणा सामना” असं म्हणून पुढे जाईल. तुम्हीही मान डोलावून पुढे जाल. पण लाज त्या सेकंदांत नाहीच. ती आहे वेळेत. मागे पास, आडवा पास, गोलरक्षकाकडे परत, गोलरक्षक हातात घेतो, कारण तेव्हा परत दिलेला चेंडू त्याला हातात घेता यायचा, तो नियम १९९२ साली बदलला. मग पुन्हा तेच. सुरुवातीला वाटतं, एखादा संघ दम घेतोय. मध्यंतरानंतर शंका येते. सत्तराव्या मिनिटाला समोरच्या बावीस माणसांचा राग यायला लागतो. जर्मन समालोचक काही वेळ बोलायचाच थांबला होता. ऑस्ट्रियाच्या समालोचकाने लोकांना टीव्ही बंद करायला सांगितलं. आम्ही बंद केला नाही. नियम म्हणजे नियम.

इथे एक कबुली. आमच्यातल्या एकाला त्या रविवारी यायला जमलं नाही, त्याने घरी दुप्पट वेगाने बघितला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “एवढा काही वाईट नाही रे, बऱ्यापैकी हालचाल होती.” आम्ही आधी हसलो. मग लक्षात आलं, हा पुराव्याचा प्रश्न आहे. दुप्पट वेगाने हिहोनचा सामना फुटबॉलसारखा दिसतो! पास तेच, माणसं तीच, फक्त वेळ अर्धा केला की गुन्हा नाहीसा होतो. म्हणून आम्ही म्हणतो की काही गोष्टींची साक्ष फक्त पूर्ण लांबीतच देता येते. द्यूतसभेचं वर्णन करताना व्यासांनीही सभेतल्या थोरामोठ्यांची शांतता चांगली लांबवली आहे.

अल्जीरियाने तक्रार केली, ती फेटाळली गेली. कागदावर कुठलाही नियम मोडला नव्हता. १९८६पासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवायला लागले, ते आजतागायत. तुम्ही आज विश्वचषक बघता आणि एकाच वेळी दोन सामने चालू असतात, कुठला लावू म्हणून तुमची तारांबळ होते, ती या हिहोनची देणगी आहे. नियम बदलला. बेलूमीच्या संघाला काही मिळालं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर आम्हीही एक दंतकथाच घेऊन परतलो असतो, गरीब बिचाऱ्या अल्जीरियाची. पण क्रमाने बघायचं ठरवलं होतं, त्यामुळे आदल्या दिवशीचा सामना टाळता आला नाही. अल्जीरिया विरुद्ध चिली, ओव्हिएदो. चित्र धूसर, समालोचनाची भाषा आमच्यापैकी कोणालाही न येणारी. मध्यंतराला अल्जीरिया ३-० पुढे. असादचे दोन, बेनसाउलाचा एक. सुंदर खेळ. आणि उत्तरार्धात चिलीने दोन गोल फेडले. शेवट ३-२. जिंकले, सगळे आनंदात.

आमच्यात एक ताई बँकेत आहेत. चहा होईस्तोवर त्यांनी पाकिटाच्या मागे आकडेमोड केली आणि म्हणाल्या, “अहो, हे बघा.” सामना ३-०च राहिला असता तर अल्जीरियाचे एकूण गोल पाच दिलेले आणि तीन खाल्लेले, म्हणजे फरक अधिक दोन. हिहोनमध्ये १-० हरल्यावर ऑस्ट्रियाचा फरकही अधिक दोनच, पण त्यांचे गोल तीन. बाहेर ऑस्ट्रिया गेला असता. म्हणजे त्या १-०वर ऑस्ट्रियाला हातावर हात ठेवून बसताच आलं नसतं, बरोबरीसाठी पळावं लागलं असतं. हिहोनचा तमाशा शक्य झाला तो ओव्हिएदोच्या उत्तरार्धामुळे. चिलीने एकच गोल फेडला असता तरी त्याला तो पुरेसा होता. दोन्ही लागले तेव्हा दार आणखी उघडं पडलं.

यात अल्जीरियाचा दोष काढायचा नाही. अन्याय तो अन्यायच. पण ज्यांच्यावर अन्याय झाला ते नुसते बळी नव्हते. त्यांनी चांगले आणि वाईट पंचेचाळीस मिनिटांचे तुकडे खेळले, धोका पत्करला, थकले, चुकले. त्यांना खेळाडू म्हणून बघायचं असेल तर ओव्हिएदो बघावं लागतं. आणि ते कोणी बघत नाही. आमच्यासारखे जुने सामने बघणारे जगभर आहेत. पण बहुतेकांची गाडी त्याच पाच-सहा सामन्यांवर थांबते, आणि दर वेळी तेच श्लोक म्हटले जातात. सारिया, सेव्हिल, अंतिम सामना. स्मरणरंजनाशी आमचं भांडण आहे ते हे. त्याला जुनं आवडतं म्हणून नव्हे, त्याला फार थोडं जुनं पुरतं म्हणून. कॅमेरून त्या स्पर्धेत एकही सामना न हरता बाहेर पडलं. इटलीच्या तीन बरोबरी, त्यांच्याही तीन. इटलीने दोन गोल केले होते, त्यांनी एक, एवढाच फरक. पुढे एक विश्वविजेता झाला. दुसऱ्याचे तीन सामने किती जणांनी बघितलेत?

सेव्हिलबद्दल थोडक्यात, कारण वेळ होत आलीय. ८ जुलै, उपांत्य सामना, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी. प्लातिनीच्या पासवर बातिस्तों एकटा पुढे निघतो, गोलरक्षक शूमाखर उडी मारून त्याच्यावर आदळतो, बातिस्तों बेशुद्ध. दात गेले, मणक्याला इजा. पंचांनी दिलं काय, तर गोलकिक. साधा फाउलही नाही. ही फीत सगळ्यांनी बघितली आहे, आणि तिचा धक्का कमी होत नाही. पण पूर्ण सामना त्यापुढचं एक दाखवतो. बातिस्तों स्वतः दहा-एक मिनिटांपूर्वी बदली म्हणून आला होता, जेंगिनीच्या जागी. तेव्हा दोनच बदली खेळाडू चालायचे. त्याच्या जागी लोपेझला आणावं लागलं आणि साठाव्या मिनिटाच्या आसपास फ्रान्सच्या दोन्ही बदली संपल्या. जादा वेळेत फ्रान्स ३-१ पुढे गेला तेव्हा त्यांचे सगळे थकलेले पाय तेच होते. जर्मनीने त्याच सुमारास रुमेनिगेला बाकावरून आणलं, आणि १०२व्या मिनिटाला गोल त्याचाच. मग फिशरची उलटी किक, ३-३, आणि विश्वचषकातलं पहिलं पेनल्टी शूटआउट. ती धडक आपण क्रौर्याची फीत म्हणून लक्षात ठेवतो. तिने सामना कसा पोखरला, ते पुढच्या तासभरात दिसतं.

अंतिम सामन्याबद्दल आमचं मत लोकांना आवडत नाही, तरी सांगतो : पहिला तास कंटाळवाणा आहे. कब्रिनीने पेनल्टी बाहेर मारली, बाकी ढकलाढकली. इटली ३-१ जिंकली ते रास्तच. तार्देल्लीची ती धाव मात्र पूर्ण सामन्यातही तेवढीच मोठी आहे. काही फितींपुढे आम्हीही हात टेकतो.

शेवटचं, काकांचं. सारियाचा सामना संपायच्या अगदी जवळ, ब्राझीलच्या ऑस्करचा हेडर खाली वाकून येतो आणि चाळीस वर्षांचा झॉफ तो बरोबर रेषेवर दाबून धरतो. ब्राझीलवाले गोल म्हणून हात वर करतात, आणि झॉफ चेंडूवर पडून राहतो, आत गेला नाही म्हणून. काका इतकी वर्षं सांगत आले की तो चेंडू आत होता. त्या रविवारी त्यांनी चित्र थांबवलं, चष्मा पुसला, टीव्हीजवळ खुर्ची नेली. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “बाहेरच हाय की.” आणि थोड्या वेळाने, “चिलीचा तो दुसरा गोल परत लावा बघू, गोली कुठं उभा होता बघायचंय मला.”

पुढच्या रविवारी आम्ही ओव्हिएदोचा उत्तरार्ध पुन्हा लावतोय. यायचं असेल त्यांनी या. चहा आमच्याकडे, पण घड्याळ घरी ठेवून या.

आता प्रश्न असतील तर घेऊ.